नाल ठोकायचा की खूर मोकळा ठेवायचा? आधी झीज मोजा

घोड्याचा खूर म्हणजे एक मोठं नख. ते महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतं. चारा निकस असेल किंवा जनावर आजारी असेल तर त्याहून कमी. वरून वाढतं आणि घोडा चालेल तसं खालून झिजतं. झीज वाढीपेक्षा जास्त झाली की घोडा थेट तळव्यावर येतो, त्याला खडे टोचतात आणि तो लंगडतो. ते होऊ नये म्हणून खूर आणि जमीन यांच्यामध्ये लोखंड घालायचं, तोच नाल. झीज वाढीइतकी किंवा कमी असेल तर मध्ये लोखंड घालण्याचं मुख्य कारणच उरत नाही. दर चार ते सहा आठवड्यांनी खूर तासून घेतला की भागतं.

इतका सरळ हिशोब असून यावर दोन तट पडलेले आहेत. एकाच्या मते नालाशिवाय घोडा कामाला लावणं म्हणजे मजुराला अनवाणी डोंगर चढायला लावणं. दुसऱ्याच्या मते नाल ही क्रूरता, कारण निसर्गाने घोड्याला लोखंड दिलेलं नाही. निसर्गाने त्याच्या पाठीवर सत्तर किलोचा पर्यटकही बसवला नव्हता. दोन्ही तट जरा बाजूला ठेवू आणि पाय उचलून खाली काय आहे ते बघू.

खालून दिसणारा खूर

कडेने फिरलेली जाड पट्टी ही खुराची भिंत. पुढच्या टोकाला ती साधारण एक सेंटीमीटर जाड असते आणि टाचेकडे पातळ होत जाते. तिच्यात रक्त नाही, नस नाही. खिळा बसतो तो हिच्यातच. भिंतीला आतून लागून एक अरुंद पिवळसर रेघ फिरते. रंग पिवळट असला तरी तिला पांढरी रेघच म्हणतात. तिच्या आत तळवा. निरोगी खुरात तो वाटीसारखा किंचित खोलगट असतो, सपाट ताटलीसारखा नाही. आणि मागून टोक पुढे करून बसलेला रबरासारखा त्रिकोण, त्याला पशुवैद्य फ्रॉग म्हणतात.

पांढरी रेघ ही हद्द समजा. हद्दीच्या आत जिव्हाळी. खुरातलं हाड तिथे शेकडो पातळ जिवंत पापुद्र्यांनी भिंतीला आतून टांगलेलं असतं. खिळा हद्दीच्या आत घुसला तर घोडा तिथल्या तिथे पाय झटकतो, ते कळतं तरी. वाईट असतो तो आत न घुसता जिव्हाळीला खेटून गेलेला खिळा. त्याचा दाब हळूहळू जाणवतो आणि घोडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लंगडायला लागतो. नाल ठोकल्यानंतर आठवड्याभरात सुरू झालेल्या लंगडीचं कारण आधी खिळ्यात शोधायचं, मग खांद्यात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट टाचेची. पायावर भार आला की खुराचा मागचा भाग किंचित फाकतो आणि पाय उचलला की पुन्हा मिटतो. शेवटचा खिळा खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे गेला तर ही हालचाल जखडली जाते. हे पटत नसेल तर काढलेला जुना नाल खुराकडच्या बाजूने बघा. टाचेपाशी चकचकीत घासलेले चर दिसतील. टाच लोखंडावर आत-बाहेर सरकत होती याचा तो पुरावा. दारावर ठोकायला काळ्या घोड्याचा नाल शोधणारे बरेच, पण जुना नाल वाचणारे थोडे. तो एका बाजूला जास्त झिजला असेल तर घोडा त्या बाजूला भार टाकतो. पुढचं टोक कागदासारखं पातळ झालं असेल तर घोडा बोटावर चालतोय, म्हणजे बहुधा टाच दुखते आहे. पुढचा नाल ठोकण्याआधी नालबंदाला हा जुना नाल दाखवा.

झीज मोजायची कशी

घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणून शंका असेल तेव्हा आधी फक्त मागचे नाल काढायचे. कळपात लाथ बसली तर लोखंडाशिवायची लाथ बरी, हा त्यातला वरचा फायदा.

नाल काढून खूर तासल्यावर मागच्या एका खुराच्या पुढच्या बाजूला, केस संपतात तिथून बरोबर ३० मिलिमीटर खाली, कानशीच्या कोपऱ्याने आडवी बारीक रेघ मारा. नखाच्या ओरखड्याइतकीच, खोल नाही. मग केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत खुराची लांबी मोजा. समजा ती ८० मिलिमीटर भरली. आता महिनाभर घोडा त्याच वाटेवर, तेवढ्याच कामाला न्या.

तीस दिवसांनी पुन्हा मोजा. रेघ ३० वरून ३८ वर गेली असेल तर वाढ झाली ८ मिलिमीटर. लांबी ८० ची ७७ झाली असेल तर झीज ११ मिलिमीटर. महिन्याला ३ मिलिमीटरचा तोटा, म्हणजे तीन महिन्यांत जवळजवळ एक सेंटीमीटर. या कामाला हा घोडा मोकळ्या खुराने टिकणार नाही. उलट लांबी ८२ झाली असेल तर झीज फक्त ६. वाढीव २ मिलिमीटर तासून टाकायचे आणि पुढचे नाल काढण्याचा विचार करायचा. पुढच्या पायांवर भार जास्त आहे, त्यामुळे मागे जेमतेम बरोबरी होत असेल तर पुढे तोटाच होईल असं धरून चाला.

मोजपट्टी सगळं सांगत नाही. तळव्यावर दोन्ही अंगठ्यांनी जोर देऊन दाबा. तो दबत असेल तर तळवा पातळ आहे, आणि लांबी कितीही भरो, हा खूर खड्यांसाठी तयार नाही. मग कोणाला तरी घोडा डांबरी रस्त्यावर पायी पुढे न्यायला सांगा आणि बाजूने, जमिनीलगत नजर ठेवून बघा. टाच आधी टेकली पाहिजे, निदान सपाट तरी. बोट आधी टेकत असेल तर फ्रॉगमध्ये सड आहे का, टाच दुखते का, ते आधी निस्तरायचं. दुखऱ्या टाचेवर नाल ठोकला तर लंगडी झाकली जाते, दुखणं तसंच राहतं.

वाट कुठली, यावर बरंच ठरतं

माथेरानचं उदाहरण घ्या. मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं पायी किंवा घोड्यावर जातात, हल्ली ई-रिक्षानेही. वाट जांभ्याच्या लाल मातीची, मध्ये उघडा कातळ आणि उतार. कोरडा जांभा पॉलिश कागदासारखा घासतो. मोसमात रोज पंधरा-वीस किलोमीटर अशा वाटेवर माणूस घेऊन चालणाऱ्या घोड्याची झीज वाढीच्या पुढे जाते, त्यामुळे निदान पुढच्या पायांना तरी नाल लागतोच. पण त्याच घोड्याला गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर आणलं की लोखंड उलटतं. दोन टणक वस्तू एकमेकींवर सरकतात, उतारावर तर फारच. तिथल्या पेव्हर ब्लॉकचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घसरण्याची तक्रार घोडेवाले करत आले ती उगाच नाही. मोकळा खूर कोरड्या दगडावर आणि डांबरावर जास्त चांगली पकड घेतो. ओल्या गवताच्या किंवा चिकणमातीच्या उतारावर मात्र तोही घसरतो.

कार्बाइडची टणक टोकं असलेले खिळे किंवा नालाला खालून बसवायचे स्टड हा मधला उपाय. पण पकड फार वाढली की पाय जमिनीत अडकतो आणि वळताना सगळा पीळ सांध्यात जातो. रोजच्या चालीसाठी लहान टोकं पुरतात, आणि बसवायची तर दोन्ही बाजूंना सारखी.

वरातीची घोडी ही वेगळी गोष्ट. दोन-तीन किलोमीटर, तेही बँडच्या मागे रखडत. अशा घोडीची झीज मोजली तर अनेकदा नालाची गरजच दिसत नाही, आणि गुळगुळीत काँक्रीटवर मोकळा खूर जास्त सुरक्षित. वाळूत पळणाऱ्या घोड्याचंही तसंच. वाळू घासते, पण टोचत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांवर उच्च न्यायालयाने २०१५ साली बंदी आणली, त्या गाड्यांचे घोडे दिवसभर डांबरावर दुडकत. त्यांना नालाशिवाय चालणं शक्य नव्हतं. शर्यतीच्या घोड्यांचा हिशोब निराळा, त्यांना हलके अॅल्युमिनियमचे नाल लागतात आणि ते सारखे बदलतात.

ऊसवाहतुकीच्या बैलांना पत्र्या मारतात त्यामागचं कारण हेच, डांबरावरची झीज. फरक इतकाच की बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन तुकडे, आणि त्यासाठी त्याला दोरखंडाने पाडावं लागतं.

नाल कधी काढू नये

घोडा एकदा खूरदाहातून गेला असेल, ज्याला पशुवैद्य लॅमिनायटिस म्हणतात, तर त्याचा तळवा बहुधा पातळ आणि सपाट झालेला असतो. एक्स-रे पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. भिंतीला उभी चीर असेल आणि ती नालाने धरून ठेवलेली असेल, दुखापतीनंतर डॉक्टरांनी खास नाल लावलेला असेल, किंवा पुढच्याच आठवड्यात मोसम सुरू होणार असेल, तरी थांबा. शेवटचं कारण हास्यास्पद वाटेल, पण मोकळ्या खुराचे बहुतेक प्रयोग याच कारणाने फसतात. नाल काढला आणि तिसऱ्या दिवशी घोडा कामाला जुंपला.

उलट, तीन वर्षांखालची शिंगरं, चरायला सोडलेल्या घोड्या, विश्रांतीवरचे म्हातारे घोडे यांना नाल ठोकायचं सहसा कारण नसतं. आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांनी भिंत इतकी फुटली असेल की नवा खिळा धरायला जागाच नाही, तर निर्णय खुरानेच घेतलेला आहे.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा बघताना लोक देवमण (गळ्यावरचा शुभ मानलेला भोवरा) बघतात, भोवरे मोजतात, चाल बघतात. चारही पाय उचलून भिंत, तळवा आणि फ्रॉग बघायला पाच मिनिटं लागतात, आणि भोवऱ्यापेक्षा तिथे जास्त कळतं.

काढायचा ठरला तर

नाल ठोकणं नालबंदाचं काम. त्यात मालकाने हात घालू नये. पण वाकडा झालेला नाल काढता आलाच पाहिजे, कारण अर्धवट निसटलेल्या नालावर घोड्याने पाय ठेवला तर उभा खिळा तळव्यात जातो.

पुढचा पाय गुडघ्यांमध्ये धरा. भिंतीबाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं आधी सरळ करा किंवा कानशीने घासून टाका. हे न करता नाल ओढला तर वळलेली टोकं भिंतीचे लचके घेऊन बाहेर येतात. मग पकड टाचेपाशी नालाखाली घाला आणि दांडे खुराच्या टोकाकडे, किंचित आतल्या बाजूला दाबा. बाहेरच्या बाजूला पिरगाळू नका. एकदा डावी टाच, एकदा उजवी, असं थोडं-थोडं पुढे सरका. एखाद्या खिळ्याचं डोकं वर आलं की तो सुटा उपटा. निघालेले खिळे मोजा. जेवढे होते तेवढे हातात आले पाहिजेत.

मोकळ्या खुराची तासणी आणि नाल ठोकण्याआधीची तासणी यांत फरक आहे, आणि नेहमी नालच ठोकणारा हात इथे चुकतो. नालासाठी भिंत सपाट कापतात आणि तळवाही सुरीने साफ करतात. मोकळ्या खुराचा जिवंत तळवा कापायचा नाही. भुगा होऊन आपोआप सुटतोय तेवढाच काढायचा. भिंत तळव्याच्या किंचित वर ठेवायची आणि तिची बाहेरची कड कानशीने चहूबाजूंनी गोल करायची. धारदार कड राहिली तर ती दगडावर तुटते. जुन्या भोकांपाशी थोडे टवके तरीही उडतील. खिळे जमिनीपासून सुमारे दोन सेंटीमीटरवर बाहेर आलेले असतात, म्हणजे ती भोकं खाली वाढून संपायला दोन-अडीच महिने जातात. तेवढा काळ खूर भिकारडा दिसतो. त्याला घाबरून पुन्हा नाल ठोकला तर सगळं पहिल्यापासून.

पहिला आठवडा मऊ जमिनीवर, पाठीवर माणूस नाही. मग सपाट टणक रस्त्यावर हाताने धरून दिवसातून दोनदा दहा मिनिटं, दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवत. खडी सर्वांत शेवटी. घोडा रस्त्याची कड शोधायला लागला किंवा पावलं आखडली की एक पायरी मागे या. भिंत टोकापर्यंत नवी व्हायला नऊ ते बारा महिने लागतात. पूर्ण काम त्याआधी होऊ शकतं, पण पहिल्या महिन्यात नाही. रबरी बूट मिळाले तर या काळात उपयोगी पडतात. माप तासल्यानंतर लगेच घ्या आणि टाचेवर चामडी घासली जात नाही ना, ते रोज बघा.

खाण्याकडेही बघायला हवं. गूळ, भरपूर दाणा, उसाची वाढी यांवर पोसलेल्या आणि कमी काम असलेल्या घोड्याची पांढरी रेघ ताणून रुंद होते आणि तो खडीवर दुखरा होतो. मालक म्हणतो मोकळा खूर याला मानवत नाही; बहुतेक वेळा त्याला खुराक मानवत नसतो. खूर गरम लागला, खुरावरच्या सांध्याच्या मागे बोटांना नाडी ठणठण जाणवली, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहिला, तर तो खूरदाह असू शकतो. चालवू नका, डॉक्टर बोलवा.

ठेवायचा ठरला तर

नालाने खूर बिघडतो अशी तक्रार असते. बहुतेक वेळा बिघडवतो तो उशीर. "नाल अजून कुठे झिजलाय?" म्हणून लोक तीन-तीन महिने थांबतात. नाल झिजला नसला तरी खूर वाढतच असतो, आणि आता तो झिजतही नाही. टोक लांबतं, टाच पुढे सरकते, नालाची मागची टोकं टाचेत रुततात, आणि लांबलेल्या टोकाचा ताण पायाच्या मागच्या शिरांवर येतो. पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासायचा. नाल चांगला असेल तर तोच परत बसवायचा. शिलेदाराला मोहिमेआधी मिळणाऱ्या आगाऊ रकमेला मराठेशाहीत नालबंदी म्हणत. हा खर्च मोहीम सुरू होण्याआधीचा असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

नालबंद गेल्यावर खूर तपासा. नाल खुराच्या आकाराचा केलेला हवा. लहान नाल ठोकून बाहेर आलेली भिंत कानशीने उडवली असेल तर समोरून खूर कापल्यासारखा दिसतो; तसं होऊ देऊ नका. नाल टाचेच्या शेवटापर्यंत गेला पाहिजे, आखूड नालाने टाचेला आतून डाग पडतात. वळवलेली टोकं भिंतीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर, एका ओळीत. सहा ते आठ खिळे पुरतात. खूर आणि नाल यांच्यातून उजेड दिसू नये, पण तळव्यावर नालाचा दाबही नको. खिळा जिव्हाळीला लागलाच तर तो लगेच काढून भोकात आयोडीन घाला आणि धनुर्वाताच्या लशीची तारीख बघा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

केंद्राने १९६५ साली नालबंदांच्या परवान्याचे नियम केले आहेत. सैन्याच्या पशुवैद्यक दलात शिकलेला निवृत्त नालबंद जवळपास असेल तर त्याला सोडू नका.

पावसाळ्याचे चार महिने

आपल्याकडच्या डोंगरातल्या घोड्यांसाठी सोयीची वाट कॅलेंडरमध्येच आहे. जूनमध्ये पर्यटक कमी होतात, जमीन मऊ होते. तेव्हा चारही नाल काढा. जून ते ऑक्टोबर भिंत तीन-चार सेंटीमीटर नवी येते. खिळ्यांची सगळी जुनी भोकं तासून निघून जातात. एकच अट, ठाण कोरडं हवं. चोवीस तास चिखलात उभा राहिलेला खूर भिजून मऊ पडतो आणि फ्रॉगच्या खाचेत काळी, घाण वासाची सड होते. रोज खूर कोरून साफ करा, खाचेत पातळ आयोडीन सोडा, ओली लीद उचला. पावसात नाल ठेवला तर मऊ भिंतीत खिळे सैल होतात आणि चिखलात नाल हरवतो, तो त्रास निराळाच.

दिवाळीआधी पंधरा दिवस मोजपट्टी घ्या, तळवा अंगठ्यांनी दाबा, टाच आधी टेकते का बघा. सगळं नीट असेल आणि काम हलकं असेल तर तसंच चालू द्या. मोसम जोरात असेल तर पुढचे दोन ठोका, मागचे मोकळे ठेवा आणि मागच्या खुरावर पुन्हा ३० मिलिमीटरवर रेघ मारा.